दाताखालचं सोयाबीन

लखमीचंद शेठचा शेवटचा कामाचा दात पडला, तेव्हा घरात सुतक धरायचं तेवढं बाकी राहिलं. चारचौघांचे दात खायला असतात, हसायला असतात, फार तर कुणावर दातओठ खायला असतात. शेठचे दात बाजाराचे होते. कारंजा लाडमध्ये त्यांचं धान्यखरेदीचं दुकान. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की शेठ चिमूटभर माल उचलत, त्यातला एक दाणा निवडून दाढेखाली ठेवत, डोळे मिटत आणि कट्कन फोडत. मग डोळे उघडून मालात ओलावा किती टक्के ते सांगत. "चौदा." झालं. त्यावर अपील नव्हतं. ओला माल निघाला की भावात कटती, म्हणजे शेतकऱ्याच्या हंगामभराच्या घामाची किंमत त्या एका दाढेवर ठरे. ही गोष्ट शेठला माहीत होती. जरा जास्तच माहीत होती.

आणि खोटं कशाला बोला, माणसाच्या दाढेत विद्या होती. दाणा कोरडा असला तर तो कसा फुटतो, थोडा भिजलेला असला तर कसा चेपतो, वरून वाळवून आतून ओला ठेवला असेल तर कुठे लबाडी करतो, हे त्यांना दाढेच्या मुळाशी कळे. गावोगावचे शेतकरीही काही दुधखुळे नव्हते. अष्टमी-चतुर्दशीला शेठचा उपवास, त्या दिवशी तोंडात दाणासुद्धा जायचा नाही, भाव नुसता हात घालून अंदाजानं. त्यामुळे पार मानोरा गावापासूनच्या लोकांना जैनांच्या तिथ्या तोंडपाठ झाल्या होत्या. भिजलेला माल नेमका अष्टमीला येई. शेठला वाटे, आपल्या धर्माचा केवढा प्रसार झाला.

मुलगा श्रेयांस यानं मधे एकदा ओलावा मोजायचं मशीन आणलं होतं. वाटीभर दाणे टाका, बटण दाबा, आकडा वाचा. "जे चावत नाही, त्याले काय समजते?" असं म्हणून शेठनी त्या मशीनवर अगरबत्तीचे पुडे ठेवायला सुरुवात केली होती.

असा हा दात. पडला तोही भर दुकानात, हरभऱ्याच्या हंगामात, इंझोरीच्या रामरावांच्या पोत्यापुढे. रामराव म्हणजे शेठचं जुनं गिऱ्हाईक. दोघांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नव्हता, म्हणून संबंध टिकून होते. शेठनी दाणा दाढेखाली घेतला, डोळे मिटले, जोर दिला. आवाज झाला. शेठनी तळहातावर थुंकून पाहिलं तर हरभरा जसाच्या तसा, आणि शेजारी दाढ.

रामरावांनी वाकून तळहाताकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "शेठजी, हरभरा कोरडा हाय."

यानंतर माणसानं काय करावं? गुमान मशीनवरचे पुडे उचलावेत आणि बटण दाबावं. पण ज्याची अक्कल दाढेत होती त्याची अक्कल दाढेबरोबरच गेलेली. शेठनी जाहीर केलं, की सोयाबीनच्या हंगामापर्यंत आपण दात बसवणार आणि त्याच दातांनी माल पाहणार. घोषणा झाली म्हणजे सल्ले आलेच. शेजारचे माणिकराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाचं जे मुख्य काम, दुसऱ्याच्या दुखण्यात लक्ष घालणं, ते ते दिवसपाळी-रातपाळी करत. त्यांच्या तोंडात दोन्ही जबड्यांची कवळी होती. ती बोलताना एक शब्द मागे राही, त्यामुळे माणिकराव गप्प बसले तरी कवळी क्षणभर बोलत असे.

"कवळी घ्या शेठ, कवळी. मले पहा, काई तरास हाय का?" असं म्हणून त्यांनी ती काढून हातावर ठेवली. कंचनबाई, म्हणजे शेठच्या पत्नी, चहाचा कप घेऊन येत होत्या त्या दारातूनच परत गेल्या.

कवळी झाली. ती शेठच्या तोंडात पाहुण्यासारखी राहिली: आली तशी जायची घाई. दुकानात पहिला दाणा चावला तर कवळी पुढून उचलली गेली आणि दाणा तिच्याखाली जाऊन बसला. शेठ तिथे बोट घालून तो दाणा शोधत असताना समोरच्या शेतकऱ्यांनी माना फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला घेतलं. हसले असते तर शेठनी त्यांना झापलं असतं. पण त्यांनी मर्यादा पाळली, आणि ती शेठच्या वर्मी लागली. कवळी डबीत गेली ती गेलीच.

मग राहिली डॉक्टर अपूर्वा. गल्लीतल्याच घरची मुलगी, दातांची डॉक्टर होऊन गावात परतलेली. जिला फ्रॉकात नाक पुसताना पाहिलं तिच्यापुढे आ वासून पडायचं, हे शेठच्या प्रतिष्ठेला जड गेलं. गेल्या गेल्या त्यांनी सांगून टाकलं, "हे पाह्य अपूर्वा, मले दिखाव्याचे दात नको. दाना फोडणारे पाह्यजेत."

अपूर्वानं फोटो काढला, संगणकावर लावला आणि म्हणाली, "काका, दात बसवता येतील, स्क्रूचे. पण स्क्रू ठोकायचा कशात? तुमचं जबड्याचं हाड झिजलंय."

"माह्यं? मी तं कधी आजारीसुदा पडलो नाही."

"दात गेला की त्याच्या खालच्या हाडाला काम राहत नाही. मग ते हळूहळू विरघळतं. तुमचे बाकीचे मागचे दात जाऊन किती वर्षं झाली, त्यात पायरिया."

आता पाहा. ज्या माणसाला सारं गाव हाडाचा व्यापारी म्हणत आलं, त्याला कालची पोर सांगते की हाड नाही. शेठनी तो फोटो उलटसुलट करून पाहायचा प्रयत्न केला, पण संगणक उलटा होईना. शेवटी विचारलं, "मंग?"

"हाड भरावं लागेल. पूड मिळते. ती भरायची, चारसहा महिन्यांत तिथं हाड तयार होतं, मग स्क्रू."

"पूड कायची?"

अपूर्वाही जैन घरचीच. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं आणि तो येऊ नये म्हणून ती मघापासून भराभर बोलत होती. "काका, जास्त करून... जनावराच्या हाडाची असते. गुराढोरांच्या. पूर्ण शुद्ध केलेली."

कंचनबाई पर्स घेऊन उभ्या राहिल्या. शेठ मात्र खुर्चीतच राहिले, कारण ती खुर्ची मागे कललेली होती आणि तिच्यातून मदतीशिवाय उठता येत नव्हतं. तसंच पडल्यापडल्या ते गरजले, "आतापावेतो बटाटा तोंडात घातला नाही मी! जमिनीखालचं हाय म्हणून गाजर नाही, मुळा नाही! अन् तू माह्या तोंडात बैल घालून राह्यली?"

बाहेर बाकावर तीन रुग्ण बसले होते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली, आणि उद्योगधंदा सोडून गाव चर्चेला बसलं. माणिकरावांचं मत पडलं की औषध म्हणून चालते. मंदिराच्या ओट्यावरचे एक वृद्ध म्हणाले, गिळायचं थोडंच आहे? दुसऱ्यांनी शंका काढली, गिळायचं नाही पण जन्मभर तोंडात राहणार, मग त्याला आहार म्हणावं की अलंकार? आहार असेल तर सूर्यास्तानंतर तोंडात ठेवता येईल का? आणि अलंकार असेल तर उपवासाला चालेल. ज्यांनी आयुष्यात वजनकाट्यापलीकडे कशाचा सूक्ष्म विचार केला नाही, ते लोक चार दिवस शेठच्या जबड्यात तत्त्वज्ञान शोधत होते. शेठ स्वतः तिकडे गेले नाहीत. आपलं तोंड हा सार्वजनिक विषय झालाय, हे त्यांना घरात बसूनही ऐकू येत होतं.

तोड कंचनबाईंनी काढली. "सोताचंच हाड घ्या ना. त्याच्यात काय जीवहत्या हाय?"

अपूर्वा म्हणाली, घेता येतं. हनुवटीतून काढता येतं. म्हणजे जखमा दोन. शेठनी हनुवटीला हात लावून पाहिला आणि अहिंसेचा विचार त्यांना नव्यानं पटला. ती स्वतःच्या बाबतीतही पाळायला हवी. शेवटी कारखान्यात बनवलेली पूड ठरली, जिच्यात कुठल्या जीवाचा संबंध नाही. ती महाग होती. शेठनी ठोक भावाची चौकशी करून पाहिली, पण जबडा एकच असल्यानं ते जमलं नाही.

मधल्या काळात त्यांनी आरोग्य विम्याच्या कंपनीला फोन लावला होता. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, हे कॉस्मेटिकमध्ये येतं. सुंदर दिसण्यासाठीच्या ट्रीटमेंटला क्लेम मिळत नाही."

"सुंदर?" शेठ ओरडले. त्यांना नातवंडं होती. "अवो बाई, मी सोयाबीनसाठी करून राह्यलो!"

तिकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, सोयाबीन हे पेशंटचं नाव आहे का. शेठनी फोन ठेवला आणि तो विमा ज्या माणसानं विकला होता त्याच्याशी कायमचं बोलणं सोडलं.

या सगळ्यात दिवस गेले आणि सोयाबीनचा हंगाम मशीननं खाल्ला. शेठ गल्ल्यावर तोंड मिटून बसत, श्रेयांस बटण दाबी, आकडा येई, पोती काट्यावर चढत. कुणाचं काही अडलं नाही. कुणाचं काही अडलं नाही, हेच शेठला सोसवेना. जेवताना ते वरणात भिजवलेली पोळी गिळत आणि म्हणत, "मशीनवर लोकायचा भरोसा नाही." लोक तर रांग लावून उभे होते. कंचनबाई पुढे वरण वाढत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अमरावतीचे मोठे डॉक्टर आले. ते दर रविवारी गावोगाव फिरत, आणि इतके मोठे होते की रुग्णाशी बोलत नसत, फक्त जबड्याशी. सगळी तयारी झाली. अपूर्वानं हाडपुडीची बाटली उघडून ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे चढवायला वळली. इथे शेठनी ती गोष्ट केली जी दुसऱ्या कुठल्याही माणसानं केली नसती. चिमूट पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात माल घेतला नव्हता. त्यांनी दोन बोटं बाटलीत घातली, चिमूट काढली, अंगठ्यानं चोळली, उजेडाकडे धरली आणि जिभेकडे नेली.

मोठे डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. पुडीत आता सगळ्या बाजाराची धूळ गेली होती. ती फेकावी लागली. दुसरी बाटली उघडली गेली ती शेठचे हात चादरीखाली बांधून. "कोरडी होती," तोंड बधिर होण्यापूर्वी शेठ एवढंच म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस तोंड सुजून एका बाजूनं दुधी झालं. गोळ्या दिवसातून तीनदा, जेवणानंतर. आणि शेठचं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. थंडीच्या दिवसांत सूर्याला कोण घाई असते, त्यामुळे दुपारची गोळी पोटात पोचते न पोचते तोच रात्रीची तिच्या मागोमाग जाई, आणि मग सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. शेकायला बर्फ हवा, तर कंचनबाई पाणी गाळून, उकळून, थंड करून मग त्याचा बर्फ लावत. तो तयार होईपर्यंत ठणका आपसूक थांबे. भेटायला माणसं येतच होती. आजाऱ्याला भेटायला जाणारे लोक कशासाठी जातात हे ज्याला पाहायचं असेल त्यानं अशा घरी पोह्यांचा चिवडा करून ठेवावा. शेठच्या उशाशी बसून सगळे कुरुमकुरुम चावत आणि म्हणत, "तुमी आता पातळच घ्या."

ललिताबाई, माणिकरावांच्या मंडळी, तर रोज येत. "तुमाले सांगू का भाऊजी, आमच्या मावसभावाचे स्क्रू वर्षाच्या आत हलले," असा धीर देऊन वाटी पुढे करत.

उन्हाळ्यात स्क्रू बसले. पावसाळा संपता संपता त्यावर दात चढले. आरशात पाहिलं तर शेठला आपण पंचवीस वर्षांनी लहान आणि थोडे घोड्यासारखे दिसलो. पण त्यांनी आरसा लगेच बाजूला ठेवला आणि खिशातून पुड्या काढल्या. तूर, हरभरा, सोयाबीन. कोरडं, दमट आणि पाण्यात भिजवलेलं. अपूर्वानं त्यांचा हातच धरला.

"काका, काय करताय? याच्यानं कडक काही फोडायचं नाही. दाणे नाही, सुपारी नाही. जन्मभर."

"मंग दात कायले असते?"

"जेवायला! आणि अजून एक ऐका. आपल्या खऱ्या दाताच्या मुळाशी एक पातळ गादी असते. काय चावतोय, किती जोर लागतोय, ती सांगत असते. हे दात सरळ हाडात बसवलेत. खालून खबर येणार नाही. तुम्हाला कळणारही नाही कधी जोर जास्त झाला ते."

शेठनी मान डोलावली. त्यांना त्यातलं "सरळ हाडात बसवलेत" एवढंच ऐकू आलं होतं, आणि ते पक्क्या मालाचं लक्षण वाटलं.

दसऱ्याच्या आधी सोयाबीन यायला लागलं आणि पहिल्याच मुहूर्तावर रामरावांचा ट्रॅक्टर दुकानापुढे उभा राहिला. दोनच रात्रींपूर्वी इंझोरीच्या बाजूला पाऊस झाला होता. रामरावांची कापून रचलेली सोयाबीनची गंजी भिजली होती, आणि भांडणाची सगळी तयारी करून ते आले होते. दुकानात हीऽ गर्दी. माणिकराव सहकुटुंब हजर. श्रेयांस मशीनवर हात ठेवून मागे उभा. शेठनी चिमूट घेतली, दाणा निवडला, नव्या दाढेखाली ठेवला, डोळे मिटले आणि चावलं.

टक् असा आवाज झाला. तो त्यांनी कानांनी ऐकला. दाढेला काही कळलं नाही. दाणा शेजारच्या घरात कुणीतरी फोडावा तसा फुटला. शेठनी दुसरा दाणा घेतला. पुन्हा टक्. ना कडक, ना नरम, ना ओला, ना कोरडा. डोळे उघडायची हिंमत होईना, कारण उघडले की आकडा सांगायचा. दीड वर्ष, जबड्यात कारखान्याचं हाड, गावभर निघालेली धिंड, आणि समोर सगळा बाजार. "मले समजत नाही" हे तीन शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आलेसुद्धा. पण जन्मभरात ते तिथून कधी बाहेर पडले नव्हते, त्यांना वाट माहीत नव्हती.

"दहा," शेठ म्हणाले. "माल कोरडा हाय."

भांडणासाठी आणलेली रामरावांची सगळी वाक्यं वाया गेली. मग त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "वा शेठजी," ते गहिवरून म्हणाले, "दात असावे तं असे."

श्रेयांसनं मशीनचं झाकण उघडलं, पण शेठनी असं पाहिलं की त्यानं ते पुन्हा लावलं.

रामरावांनी गावी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ट्रॅक्टरांची रांग वळणापर्यंत गेली. तांड्यावरचे भाऊसिंग आणि लालसिंग वाटेत तीन दुकानं सोडून इथवर आले. "मशीनवर आमचा भरोसा नाही शेठजी," भाऊसिंग म्हणाला, "तुमच्या दाताले मानतो आमी." शेठ चावत होते, दहा म्हणत होते, कधी न्यायबुद्धीचा झटका आला तर अकरा. ज्याच्या मालातून पाणी ठिबकायचं बाकी होतं तोही अकराच्या वर गेला नाही. माणिकराव रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की हे दात बसवायला शेठला मीच लावलं. शेठला पहिल्या दिवशी झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी थोडी लागली. तिसऱ्या दिवशी त्यांना खरंच वाटू लागलं की दाढेत काहीतरी कळतं. लोक इतके मनापासून हो म्हणत असताना एकट्यानं नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सोयाबीनला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. आठवड्याभरात गोदामातून आंबूस वास यायला लागला. श्रेयांसनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत माल तापला होता. मग काय, सगळी पोती फोडून माल पसरायची धावपळ. ओसरी भरली, गच्ची भरली, कंचनबाईंची पाहुण्यांची खोली भरली, शेवटी नवराबायकोच्या पलंगाभोवतीसुद्धा सोयाबीन पसरून वर पंखा लावला. बुरशी धरलेला माल टोपल्यांनी बाहेर गेला. श्रेयांस ओरडला नाही. त्यानं वाटीभर दाणे मशीनमध्ये टाकले आणि आकडा बापापुढे धरला. अठरा. तो तसाच मशीन ठेवून निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शेठ पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, कारण खाली पाय ठेवायला जागा नव्हती. "कंचन," ते म्हणाले, "मले काईच समजत नाही. दाना फुटते, पन मले समजत नाही."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. कंचनबाई हातानं दाणे सारखे करत होत्या, त्या थांबल्या. "पयले समजे ना?"

"पयले समजे. देवाशप्पथ समजे." आणि हे खरं होतं. शेठचा आवाज फाटला, आणि तो मात्र कवळीचा नव्हता की स्क्रूचा नव्हता. माणूस कितीही फुशारकीचा असो, त्याच्याकडची खरी चीज गेल्यावर त्याला रडू येतं ते खरंच असतं. कंचनबाईंनी जवळ बसून त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं दाणे सारखे करत राहिल्या.

सकाळी श्रेयांसनं आणि शेठनी मिळून तोड काढली. दाढेची अब्रूही राहावी आणि घरही राहावं. शेठ चिमूट घेतील तेव्हाच श्रेयांस त्याच पोत्यातली वाटी आत नेऊन मशीनवर पाहणार, आणि दारात येऊन दहाच्या वर जितका ओलावा तितकी बोटं चौकटीवर ठेवणार. यात एकच अडचण होती. शेठ दाणा फोडताना डोळे मिटत. आता त्यांना एक डोळा मिटावा लागे आणि दुसरा किलकिला ठेवावा लागे, त्यामुळे ते आपल्याला डोळा मारतायत असं एकदोघा शेतकऱ्यांना वाटलं.

पण आकडे बरोबर येऊ लागले. अगदी बरोबर. भाऊसिंगचा पंधरा. लालसिंगचा सतरा. कुणाचा खरोखरचा दहा आला तर शेठ दहाच म्हणत. इतका चोख न्याय त्या दुकानात खऱ्या दाढेच्या काळातही झाला नव्हता. भाऊसिंग पंधरा ऐकून दोन पावलं मागे सरकला. लालसिंगनं पोती न उतरवताच ट्रॅक्टर वळवला. चार दिवसांत रांग ओसरली, सहाव्या दिवशी गल्ल्यासमोर कुत्रं येऊन झोपलं. माणिकराव फिरकेनासे झाले. दात आपल्या सल्ल्यानं बसवले नव्हते असं ते आता समोरच्या दुकानात बसून सांगत.

शेवटी रामराव आले. उरलेला माल घेऊन. शेठनी दाणा घेतला, एक डोळा मिटला, दुसऱ्यानं चौकट पाहिली. श्रेयांसची सहा बोटं.

"सोळा," शेठ म्हणाले.

रामराव भांडले नाहीत. ते कठड्यावर शेठच्या शेजारी टेकले आणि आजाऱ्याशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, "शेठजी, राग मानू नका. डॉक्टरीनबाईले दाखवून या. दात बिघडले तुमचे."

"बिघडले?"

"मांगच्या खेपेले काय दात होते! सारा इंझोरी नाव घे. आता काई राह्यलं नाही त्याइच्यात. आमाले वाईट वाटून राह्यलं."

शेठनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "रामराव, खरं सांगा. हा माल वला हाय का नाही?"

"हाय ना," रामराव म्हणाले. "म्याच झाकला नाही, मले माईत नसन काय? वलाच हाय."

"अन् मांगचा?"

"थो तं याच्याहून वला होता."

"मंग दात बिघडले कसे?"

रामरावांनी शेठकडे असं पाहिलं, जणू इतकी साधी गोष्ट या वयाच्या माणसाला समजावून सांगावी लागते. मग ते उठले, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ट्रॅक्टरवर चढले. "दाखवून या," जाता जाता पुन्हा म्हणाले, "दुरुस्त झाले का निरोप द्या. आमी येऊ." ट्रॅक्टर रस्ता ओलांडून समोरच्या दुकानापुढे उभा राहिला.

श्रेयांस अजून सहा बोटं चौकटीवर ठेवून दारात उभा होता. शेठनी त्याला हातानंच आत जायला सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की मघाचा दाणा अजून तोंडातच आहे. तो फुटला होता की नाही ते त्यांना सांगता येईना. त्यांनी तो तळहातावर काढला आणि चष्मा लावून पाहू लागले.